कझाकस्तान-रशियात टीबी आणि एचआयव्ही एकदम कसे फोफावले? आणि कशाने आवरले?

वऱ्हाडी_वाट

नमस्कार मंडळी. लेक कझाकस्तानातल्या कारागांडाला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत अकोल्याला आली होती तेव्हा जेवताना बोलता बोलता म्हणाली, बाबा, आम्हाला टीबीच्या वॉर्डात नेलं होतं, तीन पेशंट दाखवले, तिघांचाही टीबी नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा आणि त्यातल्या दोघांना एचआयव्ही. तिघंही चाळिशीच्या आतले. तिच्या म्हाताऱ्या प्रोफेसरबाई म्हणाल्या म्हणे की आमच्या तरुणपणी हा आजार संपत आला होता.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. सोव्हिएत काळात तिथे दवाखाने फुकट, डॉक्टर भरपूर, लसीकरण सक्तीचं, एक्सरे दरवर्षी. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. मग इतकी भक्कम व्यवस्था असलेल्या देशांत १९९१ नंतर हे दोन रोग वणव्यासारखे कसे पसरले? आणि नंतर नेमकं काय केल्याने आवरले? इथे त्या भागात राहिलेले, शिकलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. लेक आता तिकडे परत गेलीय, तिची आई काळजीत आहे हेही खरं.

सह्यकडा

चांगला विषय. वाचतोय.

कोळसाभट्टी

काका, तुमची लेक जिथे शिकते तिथून तेमिरताऊ तासाभराच्या आत येतं. मी १९९७ ते २००० तिथे होतो. गावाचं सगळं आयुष्य एका पोलाद कारखान्यावर. तो १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तलांच्या इस्पात समूहाने घेतला आणि भारतातून बरेच इंजिनियर गेले, त्यात आम्ही चार-पाच मराठी पोरं.

आम्ही पोचायच्या आधीची गोष्ट तिथले लोक सांगायचे. कित्येक महिने पगार नाही, उणे तीस थंडी आणि हीटिंग बंद, दुकानात उधारीवर ब्रेड. ज्या पोरांचे बाप तीस वर्षं भट्टीवर मानाने जगले त्या पोरांना काम नाही. आणि अफू मात्र प्रत्येक चौकात. खसखशीच्या बोंडाच्या भुशापासून घरीच शिजवलेलं काळपट द्रावण. विकणारा एकाच भांड्यातून सगळ्यांच्या सिरिंजा भरून द्यायचा. त्या भांड्यात एकाची वापरलेली सुई बुडली की पुढच्या वीस जणांचं काय होणार ते सांगायला नको. १९९६-९७ मध्ये त्या पावणेदोन लाखांच्या गावात एचआयव्हीच्या केसेस शेकड्यांनी सापडायला लागल्या. त्याआधी अख्ख्या देशात बोटावर मोजण्याइतक्या होत्या.

मी ज्या आजींच्या घरात भाड्याने राहायचो त्यांचा धाकटा मुलगा त्यातलाच. त्याला खोकला होता सहा महिने. आजी मला सांगायच्या, डॉक्टरकडे जात नाही कारण तिथे नाव लिहितात. मला तेव्हा काही कळलं नाही. नाव लिहायला काय हरकत आहे असं वाटायचं. २००० च्या मार्चमध्ये तो गेला, शेवटपर्यंत टीबीचं औषध एक दिवसही घेतलं नव्हतं. त्याच्या आईने मला पहिल्या हिवाळ्यात स्वतःच्या हाताने लोकरी मोजे विणून दिले होते, ते अजून आहेत माझ्याकडे.

जुनाजाणता

मी १९८३ ते १९८९ मॉस्कोत लुमुंबा विद्यापीठात होतो. त्या व्यवस्थेला सरसकट वाईट म्हणू नका एवढं आधी सांगतो. दरवर्षी फ्ल्युरोग्राफिया म्हणजे छातीचा छोटा एक्सरे, त्याच्या शिक्क्याशिवाय हॉस्टेलात खोली मिळायची नाही. टीबी सापडला की तुबदिस्पान्सेर, म्हणजे क्षयरोगाचा वेगळा दवाखाना, मग सॅनेटोरियम, सहा महिने, वर्षभर, पगार चालू, नोकरी राखून ठेवलेली. आपल्याकडे त्या काळात मजूर माणूस रक्त ओकेपर्यंत कामावर जायचा.

पण डाग होतेच. १९८८ च्या शेवटी काल्मिकियातल्या एलिस्ता गावात मुलांच्या हॉस्पिटलात एचआयव्ही पसरला, सत्तरच्या वर लहान मुलं. कारण काय तर सिरिंजांची टंचाई आणि नीट न उकळता पुन्हा वापर. रॉकेट पाठवणाऱ्या देशात एकदा वापरून टाकायच्या सिरिंजा नव्हत्या. तेव्हा आम्ही भारतीय विद्यार्थी घरून येताना सिरिंजांची पाकिटं घेऊन जायला लागलो.

श्वासोच्छ्वास

छातीरोगाचा डॉक्टर आहे, पुण्यात. मूळ प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो, लांबेल.

टीबीचा जंतू पुष्कळांच्या शरीरात झोपलेला असतो. उपासमार, दारू, तुरुंग, थंडीत एका खोलीत दहा माणसं, यातलं काही आलं की तो जागा होतो. रशियात १९९१ नंतर हे सगळं एकदम आलं. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५७.६ वर्षांवर घसरलं, शांततेच्या काळात एखाद्या औद्योगिक देशात असं सहसा होत नाही. चोरीमारी वाढली, तुरुंग भरले, नव्वदच्या दशकाच्या शेवटी रशियात कैद्यांची संख्या दहा लाखांच्या घरात होती आणि त्यातल्या साधारण दर दहातल्या एकाला टीबी. खाटा कमी, पाळीपाळीने झोपायचं. त्यांना अर्धवट औषधं मिळायची, कधी दोन गोळ्या कधी एक, साठा संपला की बंद. जंतूला मारायचं सोडून त्याला तालीम दिली गेली. असा बारा गावचं पाणी प्यालेला जंतू घेऊन कैदी शिक्षा संपली की किंवा माफी मिळाली की घरी.

आता इथे बाहेरच्या तज्ज्ञांची चूक सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची डॉट्स पद्धत, थुंकी तपासा, ठरलेली चार औषधं द्या, डोळ्यांसमोर गिळवा. साध्या टीबीला उत्तम. पण सैबेरियाच्या तुरुंगात जंतू आधीच त्यातल्या दोन-तीन औषधांना दाद देत नव्हता. तिथे तीच चार औषधं दिली की उरलेलं एकटं औषधही वाया जातं. आणि महागडी दुसऱ्या फळीची औषधं गरीब देशांना परवडत नाहीत, म्हणून ती देऊच नका असा तेव्हाचा विचार होता! रशियन डॉक्टर म्हणत होते, आमच्या पेशंटना हे पुरत नाही, आणि बाहेरचे म्हणत होते, तुम्ही जुनाट आहात. दोघंही अर्धे बरोबर होते.

सडेतोड

डॉक्टरसाहेब माहिती चांगली आहे पण एचआयव्हीचं मूळ ड्रग्ज आहे हे कोणी स्पष्ट का बोलत नाही? सिंगापूरसारखा कडक कायदा केला असता तर ही वेळ आली नसती. आता त्यांना फुकट सुया वाटायच्या, अफूच्या जागी मेथाडोन नावाचं औषध पाजायचं, हा काय प्रकार आहे? दारुड्याला दारू सोडवायला ग्लास स्वच्छ धुऊन देण्यासारखं झालं हे.

चंद्रकोर

सडेतोड, मी ओदेसाला शिकत होते, २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तिसरं वर्ष. रोमानियाच्या सीमेवरून परत आले. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला पुस्तकातलं नाही, बघितलेलं सांगते.

युक्रेनमध्ये १९९५ ला ओदेसा आणि मिकोलाइव या बंदरांच्या गावांत पहिली लाट आली. तिथे कडक कायदा होताच की. नार्कोलॉग म्हणजे व्यसनांच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदलं की ड्रायव्हिंग लायसन्स जायचं, नोकरी जायची, पोलीस यादी मागायचे. वरच्या आजींच्या मुलाने नाव लिहू दिलं नाही ते उगाच नाही. लोक व्यसन सोडत नव्हते, दवाखाना सोडत होते.

मेथाडोन म्हणजे नशा पाजणं नाही हो. रोज ठरलेला डोस तोंडाने, नर्ससमोर. सुई सुटते, चोरी सुटते, माणूस कामावर जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो रोज एका ठिकाणी येतो. एकदा रोज यायला लागला की त्याच खिडकीतून टीबीच्या गोळ्या आणि एचआयव्हीच्या गोळ्याही देता येतात. मी ज्या दवाखान्यात जायचे तिथे एक काका होते, आधी जहाजावर वेल्डर होते, ते सकाळी मेथाडोन, टीबीची औषधं, एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं असं सगळं एका टेबलावर घ्यायचे आणि आम्हा भारतीय पोरींना रशियन उच्चार शिकवायचे. त्याआधी त्यांना तीन दवाखाने होते, गावाच्या तीन टोकांना, आणि प्रत्येक ठिकाणी आधी दुसरीकडचा कागद आणा म्हणायचे.

युक्रेनने हे औषध २००८ मध्ये सुरू केलं, रशियात आजही बंदी आहे. २०१४ ला क्रिमिया रशियाने घेतला तेव्हा तिथे सुमारे ८०० जण या उपचारावर होते. काही आठवड्यांत बंद. त्यातले बरेच जण नंतर दगावले. हे मी विसरू शकत नाही. माणसं तीच, डॉक्टर तेच, फक्त झेंडा बदलला.

ताल्लिनकर

चंद्रकोर +१. एस्टोनियाचा अनुभव जोडतो, दहा वर्षं इथे आहे. लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. २००० च्या सुमारास रशियाच्या सीमेवरच्या नार्वा भागात सुरू झालं, जिथे सोव्हिएत कारखाने बंद पडले होते आणि रशियन भाषिक तरुण बेकार होते. २००१ या एका वर्षात १,४७४ नवे एचआयव्ही रुग्ण. एवढ्याशा देशात! मग सरकारने सुया वाटप, मेथाडोन, एआरटी फुकट, ओव्हरडोस झालेल्याला वाचवायचं नॅलॉक्सोन घरी न्यायला देणं, हे सगळं केलं. २०१० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला नवे रुग्ण दोनशेच्या आसपास आले.

त्याच वेळी शेजारी रशियात काय झालं? जानेवारी २०१६ मध्ये नोंदणी झालेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. त्याच वर्षी येकातेरिनबुर्गच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की शहरात साधारण ५० माणसांमागे एकाला लागण आहे. दोन्हीकडे सुईची नशा तीच, थंडी तीच, सोव्हिएत वारसा तोच. फरक धोरणाचा.

सडेतोड

एस्टोनिया युरोपियन युनियनमध्ये गेला, पैसा आला, हे पण बघा. नुसत्या सुयांनी झालं असं कसं म्हणणार?

ताल्लिनकर

मुद्दा मान्य. पैसा आला, नोकऱ्या आल्या, व्यसन करणाऱ्यांची एक पिढी मोठीही झाली. सगळं श्रेय सुईला देत नाही. पण रशियाकडेही तेव्हा तेलाचा पैसा होता हे विसरू नका. २००६ पासून त्यांनी एआरटीवर भरपूर खर्चही केला. गोळ्या होत्या, पण ज्याला गोळी हवी तो माणूस दारापर्यंत येत नव्हता.

कृष्णाकाठ

आमच्या सांगलीचं सांगू का. विषय वेगळा वाटेल पण नाही. ९० च्या दशकात गोकुळनगरात देहविक्री करणाऱ्या बायकांना पोलीस धरून नेऊन रक्त तपासायचे, असल्या धाकाने बायका आणखी लपायच्या. संग्राम या संस्थेने १९९२ पासून त्याच बायकांच्या हातात निरोधची पाकिटं दिली आणि सांगितलं तुम्हीच वाटा, तुम्हीच हिशोब ठेवा. पुढं १९९६ ला त्यांची स्वतःची व्हॅम्प ही संघटना झाली. माझी आई तेव्हा तिथल्या शाळेत शिक्षिका, ती सांगायची की आधी या बायका दवाखान्याच्या पायरीवरून परत जायच्या, नंतर दुसरीचा हात धरून आत घेऊन यायला लागल्या. तेमिरताऊ असो की सांगली, ज्याला आपण रोगाचं घर म्हणतो त्यालाच वैद्य करावं लागतं बघा.

गोवंडी_ते_गेटवे

मी टीबीचीच कामगार आहे, मुंबईत, घरोघर जाते. श्वासोच्छ्वास सरांना एक प्रश्न. आमच्याकडे एमडीआरचे, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे, पेशंट घरीच असतात. रशियात वर्ष-वर्ष हॉस्पिटलात ठेवतात ते बरं नाही का? घरच्यांना लागण होत नाही, गोळ्या चुकत नाहीत. मला तर वाटायचं आपल्याकडे शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात अजून खाटा हव्यात.

श्वासोच्छ्वास

ताई, फार मोलाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं होतं. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. निम्मे पेशंट सॅनेटोरियमात, चांगलं जेवण, विश्रांती. निम्मे झोपडपट्टीतल्या आपल्या घरी, तेच औषध, कमी जेवण, गर्दी. १९५९ मध्ये निकाल आला तेव्हा जग चकित झालं. घरचे जवळपास तेवढेच बरे झाले, आणि घरच्यांना जास्तीची लागण झाली नाही, कारण औषध सुरू झालं की माणूस लवकर जंतू पसरवायचा थांबतो. सॅनेटोरियमचं युग खरं म्हणजे मद्रासमध्ये संपलं.

पण सोव्हिएत व्यवस्थेत दवाखान्याला पैसे खाटांच्या हिशोबाने मिळायचे. खाट रिकामी म्हणजे बजेट कमी, परिचारिका कमी. त्यामुळे खाट भरलेली राहायची. आणि तोम्स्कला काय दिसलं बघा. सैबेरियातल्या तोम्स्कमध्ये पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था आणि स्थानिक डॉक्टरांनी २००० पासून औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवर खरे उपचार सुरू केले, ज्यांना सगळ्यांनी असाध्य ठरवलं होतं असे पेशंट, पुष्कळसे कैदी, आणि पहिल्या गटातले चारातले तीन बरे झाले. नंतर त्यांनीच शोधलं की साधा टीबी असलेल्यांचा पुढे प्रतिकारक टीबी का होतो. उत्तर २००७ मध्ये छापलं. गोळ्या नियमित घेणाऱ्यांनाही धोका होता, जर ते वॉर्डात दाखल असतील तर! म्हणजे वॉर्डातच एकाचा वाईट जंतू दुसऱ्याला लागत होता. दारू पिणाऱ्यांच्या गोळ्या चुकायच्या, पण वाईट जंतू यायचा तो हॉस्पिटलातून.

मग त्यांनी स्पुतनिक नावाचा कार्यक्रम काढला. जे पेशंट पळून जायचे, दारू प्यायचे, घर नसलेले, त्यांच्यासाठी एक गाडी आणि दोन-तीन नर्स. पेशंट जिथे असेल तिथे जायचं, गरज पडली तर दिवसातून दोनदा, बर्फात. सोबत जेवण, कधी बूट, कधी ओळखपत्राचा अर्ज भरून देणं. अशा हाताबाहेर गेलेल्यांतही दहातले सातच्या आसपास बरे झाले. तुम्ही गोवंडीत जे करता तेच काम.

गोवंडी_ते_गेटवे

सर डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला कोणी सांगत नाही हे. माझा एक पेशंट आहे, त्याला शोधायला मी दोन महिने ट्रक टर्मिनलवर सकाळी सहाला जात होते. आता निगेटिव्ह आलाय.

पिंपळपान

अवांतर, पण सॅनेटोरियमवरून आठवलं. चेखव्ह स्वतः डॉक्टर आणि स्वतःलाच क्षय. १९०१ मध्ये लग्न झाल्यावर बायकोसह उफा भागात कुमिस प्यायला गेले होते, कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. तेव्हा तोच इलाज. दिवसाला बाटल्याच्या बाटल्या. १९०४ ला गेले, वय फक्त ४४.

कोळसाभट्टी

कुमिस प्यायलोय! तिकडे अजून आवडीने पितात. आपल्या आंबट ताकात जरा दारू आणि धूर मिसळला तर कसं लागेल तसं. पहिल्या घोटाला माझा चेहरा बघून अख्खी शिफ्ट हसली होती, तिसऱ्या पेल्यापासून मला ते आवडायला लागलं.

सह्यकडा

औषधांच्या किमतीवर कोणीच बोललं नाही. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा खर्च दहा हजारांच्या वर होता. २००२ मध्ये एड्स, टीबी आणि मलेरियासाठी पैसे देणारा आंतरराष्ट्रीय ग्लोबल फंड निघाला तो त्याच सुमारास. मुंबईच्या कंपनीने दर पाडले नसते तर एस्टोनिया वगळता या गरीब देशांत एआरटी पोचलीच नसती.

चंद्रकोर

सह्यकडा, बरोबर, आणि युक्रेनमध्ये पैसा आला तरी अडला होता. सरकारी कामाचा वेग बघून ग्लोबल फंडाने २००४ च्या सुरुवातीला अनुदान थांबवलं आणि ते एका स्वयंसेवी संस्थेकडे सोपवलं. त्यानंतर गाडी रुळावर आली. युद्धानंतर आणखी एक शहाणपण केलं त्यांनी, मेथाडोन ३० दिवसांचं घरी न्यायची परवानगी दिली, कारण सायरन वाजताना रोज रांगेत कोण उभं राहणार. आमच्या वेल्डर काकांचा शेवटचा मेसेज २०२२ च्या एप्रिलमधला आहे. तळघरात आहेत, डबी जवळ आहे असा. पुढे काही कळलं नाही.

जुनाजाणता

टीबीच्या नव्या उपचारांचं पण लिहा कोणीतरी. आमच्या वेळी दोन वर्षं उपचार आणि रोज इंजेक्शन, माझा खोलीतला मित्र त्या इंजेक्शनांनी एका कानाने बहिरा झाला.

श्वासोच्छ्वास

आता सहा महिने, आणि फक्त गोळ्या. बेडाक्विलिन या नव्या औषधासह चार औषधांची ही पद्धत ज्या चाचणीत सिद्ध झाली ती बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत झाली. नव्या पद्धतीत दहातले नऊ बरे झाले, जुन्या उपचारांत निम्म्याच्या आसपास. म्हणजे ज्या भागाला आपण रोगाचं कोठार म्हणत होतो तिथल्या पेशंटनी अंगावर घेऊन जगाला उपचार दिला. आपल्या सरकारने तो २०२४ मध्ये मंजूर केला. आणि २०२३ मध्ये बेडाक्विलिनची मक्तेदारी वाढवायचा कंपनीचा अर्ज आपल्या पेटंट कार्यालयाने फेटाळला, तो अर्ज आव्हान देऊन पाडणाऱ्या दोघींमध्ये एक टीबीतून उठलेली मुंबईची मुलगी होती. तिलाही इंजेक्शनांनी बहिरेपण आलं होतं.

सडेतोड

मी सगळं वाचलं. ड्रग विकणाऱ्यांवर कडक कारवाई हवीच यावर मी ठाम आहे. पण तुरुंगाचं गणित मला माहीत नव्हतं. वापरणाऱ्याला तुरुंगात टाकलं की तो टीबी घेऊन बाहेर येतो, हे लक्षात घेतलं तर विकणारा आणि वापरणारा वेगळे करायला हवेत. चंद्रकोर, काकांचा पत्ता लागला तर इथे नक्की लिहा.

कोळसाभट्टी

सडेतोड, तुम्हाला सांगतो, मेथाडोनची कझाकस्तानातली पहिली चाचणी २००८ मध्ये सुरू झाली ती दोन गावांत, पावलोदार आणि तेमिरताऊ. मी तेव्हा बोकारोला होतो, बातमी वाचली आणि उठून बाहेर गेलो थोडा वेळ. आठ वर्षं आधी झालं असतं तर आजींचा मुलगा आज पन्नाशीचा असता.

वऱ्हाडी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं समजलं की तिथे व्यवस्था रोग शोधण्यात पक्की होती पण रोगी तिच्याकडे यायला घाबरत होता, आणि पैसा आटल्यावर तुरुंग आणि वॉर्ड हेच कारखाने झाले. चुकलं असेल तर डॉक्टरसाहेब सांगा.

काल रात्री लेकीला फोन करून हा धागा वाचून दाखवला. कोळसाभट्टींचं तेमिरताऊ ऐकून ती म्हणाली, बाबा, तिथल्याच एका बाईला मी वॉर्डात भेटले, ती आता घरी गेलीय, रोज गोळी घेताना मोबाईलवर व्हिडिओ काढून नर्सला पाठवते. तिचा नवरा आधी गेला, टीबीनेच. मुलगी शाळेत आहे.

सोमवारपासून लेकीची टीबी दवाखान्यात तीन आठवडे पोस्टिंग आहे. तिची आई रडली, नको जाऊ म्हणाली. लेक म्हणाली, जाणार. आता मला एवढंच सांगा, एन-९५ मास्क इथून पाठवू की तिथे चांगला मिळतो, आणि एक मास्क किती दिवस वापरायचा?

श्वासोच्छ्वास

समज अगदी बरोबर आहे. मास्क इथूनच पाठवा, दोन-तीन वेगवेगळ्या मापांचे, चेहऱ्याला घट्ट बसतो तोच कामाचा. ओला झाला, चुरगळला किंवा पट्टी सैल झाली की टाकायचा. वॉर्डात खिडकी उघडी ठेवायला सांगा, थंडी असली तरी. आणि जायच्या आधी तिची टीबीची तपासणी करून घ्या, म्हणजे नंतर तुलना करता येईल.

गोवंडी_ते_गेटवे

काका, तिला सांगा पोटभर जेवून जायचं, उपाशी वॉर्डात जायचं नाही. आणि त्या मोबाईलवाल्या ताईंना माझा नमस्कार सांगायला सांगा.